फ्रॉकच्या वाढीचा अर्ज

घटस्फोटाच्या वेळी न्यायाधीशबाईंनी मोठ्या कनवाळूपणाने निकाल दिला होता. नवरा शिंपी, हातात पैसा टिकत नाही. तेव्हा मुलीच्या पोटगीपोटी त्याने दरवर्षी दोन फ्रॉक शिवून पाठवावेत, सोबत जोडलेल्या मापाचे. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती.

पुढे मुलगी वाढली, निकाल काही वाढला नाही. शिंपी पक्का कायदेभीरू. बोटभर फरक करील तर शपथ! लेक आता आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघायची, आणि पेटीत चिमुकल्या फ्रॉकांची थप्पी. थंडी तोंडावर आली तेव्हा आईने कोर्टात माप बदलण्याचा अर्ज ठोकला. पोरीला अंगभर कपडा हवा, एवढंच तिचं मागणं.

कारकुनाने मुलीकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "बाई, निकालातलं मूल एवढं आहे," त्याने कमरेशी हात धरला. "हे कुणाचं आणलंत?"

"गुडघ्यांवर बसू का?" लेक म्हणाली.

"गप गं कार्टे!" आईने दटावलं.

शिंपी कोपऱ्यात उभा होता, गळ्यात टेप. आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बाईसाहेब, हा माणूस मुद्दाम छळतो. फ्रॉक तेवढाच, पण दरवर्षी जड. पेटी हलत नाही!" आणि तिने पुरावा म्हणून यंदाचा फ्रॉक टेबलावर आपटला. धप्पकन आवाज झाला.

"फ्रॉक आहे की गोधडी?" म्हणत न्यायाधीशबाईंनी कात्रीने शिवणीचा दोरा तोडला.

आणि काय सांगावं! घडीतून घडी सुटत गेली. कापड फायलींवरून उतरलं, जमिनीवर पसरलं, शिपायाने पाय वर घेतले तरी थांबेना.

"बाहेरून माप निकालाचंच आहे," शिंपी पुटपुटला. "आत दरवर्षी थोडं थोडं जास्त सोडत गेलो. पोरगी वाढली असेल म्हणून. उसवलं की झालं."

"मग कळवायचं होतं!" आई उसळली.

"तू उसवशील वाटलं. पूर्वी माझं सगळंच उसवायचीस."

फ्रॉक लेकीच्या अंगाला लावला. बाह्या गुडघ्यांशी, घेर दारापाशी.

"बाबा, मी काय विजेचा खांब आहे?"

"किती झालीस ते कुणी सांगितलंच नाही गं."

आईची मान खाली गेली. पोचपावत्या तिने न चुकता धाडल्या होत्या. लेकीचा फोटो एकदाही नाही.

कारकून खोळंबला होता. "अर्ज वाढीचा, पण कापड तर जास्तच निघालं. वाढ लिहू की घट?"

आईने शिंप्याच्या गळ्यातली टेप ओढली, एक टोक लेकीच्या खांद्यावर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं.

"वाढच लिहा. आणि दरवर्षी माप घरी येऊन घ्यायचं, असंही घाला."

शिंपी टेप धरून खाली वाकला, तर लेक चवड्यांवर उभी.

"टाचा टेक, लबाडे," तो म्हणाला.

"फ्रॉक वाया जाईल ना," लेक म्हणाली; पण टाचा टेकल्या.