पुढं सरकवलेलं घड्याळ

हिंदुरावचा आवाज गेला, तेव्हा शंकरप्पा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहून रडला. ते रडणं खोटं नव्हतं. पण परत येताना रिक्षात बसल्यावर त्याला अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, तेही खोटं नव्हतं.

हिंदुराव एसटी स्टँडावर गाड्या पुकारायचा. त्याच्या तोंडून गावाचं नाव निघालं की बाकावर झोपलेला उतारू पिशवी सावरून उभा राहायचा. तो आणि शंकरप्पा दोघंही हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन परवाना काढलेले, घरावर तार ताणून दूरच्या माणसांशी बोलणारे. रोज सकाळी रेडिओवर त्यांची बैठक भरायची. माळशिरसचे आबासाहेब, विजापूरचे दोघं भाऊ, लातूरकडचे एक मास्तर. हिंदुराव बोलायला लागला की बाकीचे माइक खाली ठेवायचे. शंकरप्पाचा आवाज बारीक, रेडिओवर तो शिट्टीसारखा चिरका व्हायचा. त्यानं तोंड उघडलं की हिंदुराव म्हणायचा, "शंकरप्पा आला जणू. कुकर उतरवा." इतकी वर्षं तोच विनोद, आणि दर वेळी बैठक हसायची. शंकरप्पाही हसायचा. न हसणाऱ्याला लोक जास्त टोचतात.

मग तंबाखूनं हिंदुरावचा घसा खाल्ला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. त्यावर त्याची बायको बजाबाई मऊ फडकं बांधायची. काही सांगायचं झालं तर हिंदुराव पाटीवर लिहायचा, पण पाटी रेडिओवर कशी दाखवणार? बैठकीतली त्याची जागा रिकामी पडली. तिथं हळूहळू शंकरप्पा बोलायला लागला आणि लोक ऐकायलाही लागले. कुकरचं नाव कोणी काढेना.

तेवढ्यात आबासाहेबांनी नवं काढलं. संगणकावर एक सॉफ्टवेअर घालायचं. आपण अक्षरं टाइप करायची, ते त्यांचे सूर करतं, रेडिओ सूर सोडतो आणि पलीकडचा संगणक सुरांची पुन्हा अक्षरं करतो. मराठीच बोलायचं, फक्त लिहायचं इंग्रजी अक्षरांत. हिंदुरावला परत बोलता येईल म्हणून सगळ्यांनी ते घेतलं. शंकरप्पाचा मुलगा गुरुशांत पुण्यात संगणकाचं काम करायचा, त्यानं बापाला फोनवरून सगळं शिकवलं होतं. म्हणून हिंदुरावच्या शुक्रवार पेठेतल्या घरी जाऊन ते बसवून द्यायचं काम शंकरप्पाकडं आलं.

त्यानं ते मनापासून केलं. रेडिओ आणि संगणक वायरीनं जोडले, हिंदुरावचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओचं नाव, भरला, आवाजाची पातळी बसवली आणि शेवटी घड्याळ लावलं. या खेळात घड्याळाला फार किंमत. सगळ्यांचे संगणक एकाच ठोक्याला सुरू होतात आणि एकाच ठोक्याला थांबतात. कुणाचं घड्याळ चार-पाच सेकंद इकडंतिकडं झालं, की पडद्यावर सुरांच्या रेघा तेवढ्या दिसतात, अक्षर एक उमटत नाही. बहिऱ्यानं लग्नातली वाजंत्री बघावी तसं.

पहिल्या सकाळी सगळी बैठक त्याची वाट बघत होती. हिंदुरावनं एका बोटानं अक्षरं शोधत एक ओळ लिहिली आणि पाठवली. शंकरप्पा शेजारीच बसला होता. ओळ तुकड्यातुकड्यानं गेली.

"शंकरप्पा आला का. कुकर उतरवा."

विजापूरहून, माळशिरसहून, लातूरकडून हसण्याची अक्षरं आली. हिंदुरावचे खांदे गदगदत होते आणि फडक्याखालून हवा फसफसत होती. बजाबाईनं डोळ्याला पदर लावला. शंकरप्पाही हसला.

दुसऱ्या दिवशी वायर सैल वाटते म्हणून तो आला. हिंदुराव आंघोळीला गेला होता. शंकरप्पानं घड्याळ आपोआप लागण्याची खूण काढून टाकली, वेळ जराशी पुढं सरकवली, आणि बजाबाईनं दिलेला चहा पिऊन घरी गेला.

त्या दिवसापासून हिंदुराव पुन्हा मुका झाला. रेघा दिसायच्या, अक्षरं नाहीत. त्यानं पाठवलेलंही कुणाला वाचता येईना. त्यानं शंकरप्पाला बोलावलं. शंकरप्पानं चष्मा पुसून सगळं बघितल्यासारखं केलं आणि तार बुटकी आहे म्हणून निदान केलं.

चैत्रातलं ऊन, तापलेले पत्रे, आणि गळ्याला भोक पडलेला माणूस शिडीवर. बजाबाई शिडी धरून उभी. धूळ भोकात गेली की हिंदुराव असा खोकायचा की तोंड काळंनिळं पडायचं. खाली सावलीत खुर्ची टाकून शंकरप्पा सांगायचा, "आणखी हातभर वर घे." वर घेतली की म्हणायचा, आता जास्त झाली. पुढच्या खेपेला जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या सळईवर दोष आला. तिथं कोळसा-मीठ घालून बजाबाई सकाळ-संध्याकाळ घागरीनं पाणी ओतायला लागली. तिचे गुडघे गेलेले होते. शंकरप्पाला ते ठाऊक होतं.

आबासाहेबांनी फोन केला तर ती म्हणाली, यंत्र बिघडलंय, शंकरप्पा भाऊजी बघत्यात, ते सांगतील तसं हे शिडीवर चढून तार वर घेत्यात. शंकरप्पा बघतोय म्हटल्यावर सगळे निर्धास्त झाले. बैठकीत कुणी विचारलंच, तर शंकरप्पा लिहायचा, त्याचं मन लागत नाही, आजारी माणसाला कशाला छळता.

एकदा हिंदुरावनं पाटीवर लिहिलं, "माझं बोलणंच देवाला नको झालंय." शंकरप्पानं ते आपल्या तळव्यानं पुसलं आणि असं लिहू नये म्हणून समजूत घातली. मग हळूच सुचवलं, की सगळा संच विकून टाकावा. मोबाइलवर सगळ्याचे फोटो काढून दे, मी गिऱ्हाईक बघतो. हिंदुराव बराच वेळ रेडिओवर हात ठेवून बसला. मग त्यानं मान डोलावली.

फोटो काही आले नाहीत. रविवारी सकाळी बजाबाईचा फोन आला, बैठकीच्या वेळेला नाष्ट्याला या. गिऱ्हाइकाचं बोलायचं असेल, असं समजून शंकरप्पा गेला.

संगणक चालू होता. पडद्याला टेकून हिंदुरावचा मोबाइल उभा केलेला होता. शंकरप्पा खुर्चीत बसला आणि त्याची नजर तिथं गेली. मोबाइलवरचं मिनिट बदललं. पडद्यावरचंही त्याच क्षणी बदललं. दोन्ही घड्याळं जुळलेली होती. फोटो काढायला मोबाइल समोर धरला, तेव्हाच हिंदुरावला दोन घड्याळांतला फरक दिसला असणार.

हिंदुरावनं नुसता कॉलसाइन पाठवला आणि पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. आबासाहेब विचारत होते, "हिंदुराव, इतके दिवस कुटं होता?"

हिंदुरावनं पाटी घेतली नाही, शंकरप्पाकडं बघितलंही नाही. तो एका बोटानं टाइप करत राहिला. शंकरप्पाला वाचावंच लागलं.

"शंकरप्पानं माझं घड्याळ पुढं सरकवलं होतं. तो हितंच बसलाय. हे त्याच्याच हातानं पाठवतोय."

मग त्यानं की-बोर्ड उचलून शंकरप्पाच्या मांडीवर ठेवला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.

बजाबाई पोह्यांची बशी घेऊन आली. तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. तिनं बशी त्याच्यापुढं ठेवली आणि उभी राहिली. "दाबा की भाऊजी," ती म्हणाली. "तुमी उन्हातान्हात खेपा घातल्या म्हणून ह्यांचं बोलणं परत आलं."

नाही म्हणायचं तर तिला कारण सांगावं लागणार होतं. शंकरप्पानं बटण दाबलं.

रेडिओ खट्‌ वाजला आणि सूर सुटले. एक तुकडा, मग दुसरा. मध्येच थांबवायची खूण पडद्यावर होती, पण माउस हिंदुरावच्या मुठीत होता. शंकरप्पानं उगीच दोन घास खाल्ले. सूर थांबले. मग माळशिरसहून ओळ आली.

"शंकरप्पा, गळ्याला भोक असलेल्या माणसाला शिडीवर चढवलंत व्हय?"

"काय म्हणत्यात आबासाहेब?" बजाबाईनं हौसेनं विचारलं.

हिंदुरावनं आपल्या गळ्यावरच्या फडक्याला हात लावला आणि शंकरप्पाकडं बोट केलं. वाचून दाखवायला घरात दुसरं कोण होतं?

"वहिनी, तसं विशेष काही..." शंकरप्पानं सुरुवात केली. हिंदुरावनं पडद्यावर बोटानं टकटक केलं. त्यानं आधी आपलीच ओळ वर घेतली आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं, पहिलीतल्या पोराला वाचायला लावतात तसं. शब्द वाचून झाल्याशिवाय ते बोट पुढं सरकेना.

शंकरप्पानं बारीक, चिरक्या आवाजात वाचलं. सगळं वाचलं, शिडीसकट.

बजाबाईनं त्याच्यापुढची बशी उचलली. पोहे अजून निम्मे होते.