तळघराच्या जिन्यावरची घंटा

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला देऊळ आठवेल, नाहीतर शाळा. पण या दोन्ही ठिकाणी मी कधी नव्हते. मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि माझं सारं आयुष्य बहारीनमधल्या पबमध्ये गेलं.

मुरादाबादच्या भट्टीत मला ओतलं आणि मनामातल्या एका हॉटेलच्या पबमध्ये आणून टांगलं. गडद लाकडाचा काउंटर, भिंतीवर जहाजांची चित्रं. बंद करायची वेळ झाली की दत्तू माझी दोरी ओढायचा, मग गिऱ्हाइकं शेवटची ऑर्डर द्यायची. दत्तू साताऱ्याकडचा. लोकांना बिअर भरून द्यायचा, स्वतः थेंबही घेत नसे. शहरातले पब बघत फिरणारे पाहुणे माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढायचे. मला त्याचा मोठा अभिमान होता.

पुढे ते हॉटेल विकलं गेलं. सलमाबादच्या एका गोदामात मोडक्या स्टुलांखाली मी काही वर्षं पडून राहिले. अंगावर हिरवे डाग चढले. दत्तूला एका नव्या पबमध्ये नोकरी लागली, तेव्हा मालकाला सांगून त्यानं मला तिथं आणवलं.

इथं बिअर जागेवरच बनते. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या, हवेत शिजलेल्या जवाचा वास. बिअर बनवायचा अनिरुद्ध, आणि त्याच्या हाताखाली होता त्याचा मेहुणा, म्हणजे बायको नीलमचा धाकटा भाऊ, मयुरेश. त्याचा व्हिसा अनिरुद्धनंच करून घेतला होता. मयुरेश मला चिंच लावून घासायचा आणि हाक मारायचा, "दत्तूकाका, बघा, तोंड दिसतंय हिच्यात!"

मी तळघराच्या जिन्यापाशी होते. खालच्या थंड खोलीत बिअरची पिंपं आणि गॅसचे सिलिंडर असत. हा गॅस बिअरला फेस आणतो, पण बंद खोलीत साठला तर माणसाचा जीव घेतो. त्याला वासही नसतो. म्हणून भिंतीवर धोक्याची सूचना देणारं एक छोटं यंत्र लावलेलं होतं. ते बंद पडलं होतं. "बघू या आठवड्यात," असं सगळेच म्हणत होते.

एका शुक्रवारी दुपारी मयुरेश सिलिंडर बदलायला खाली गेला. बराच वेळ वर आला नाही. अनिरुद्धनं जिन्यातून वाकून पाहिलं आणि तो ओरडला, "मयुरेश पडलाय!" तो खाली धावणार, तोच दत्तूनं त्याला मागून कवळा घातला.

"खाली जायचं न्हाई, अनिरुद्ध! हवाच न्हाई तिथं!"

"सोडा मला! नीलमला काय सांगू मी?"

दत्तूनं एका हातानं त्याला आवळून धरलं आणि दुसऱ्या हातानं माझी दोरी ओढली. तो ओढतच राहिला. माणसं धावत आली, त्यांनी अनिरुद्धला धरलं. स्वयंपाकी अर्शदनं अग्निशमन दलाला फोन लावला. "यल्ला, जल्दी आओ, आदमी नीचे है!" तो फोनवर रडत होता. तोंडावर मास्क लावलेले जवान खाली उतरले आणि मयुरेशला घेऊन वर आले. पण उशीर झाला होता.

मित्रांनो, इतकी वाजूनही मी त्याला वाचवू शकले नाही.

त्यानंतर अनिरुद्ध दत्तूशी बोलेनासा झाला. दत्तूही मान खाली घालून काम करायचा. मग एका दुपारी नीलम आली. भावाची शवपेटी गावी पोहोचवून ती नुकतीच परतली होती.

दत्तू काउंटरला धरून उभा राहिला. "पोरी, मीच धरून ठेवलं त्याला. तुझ्या भावाकडं जाऊ दिलं न्हाई."

"माहीत आहे, काका," नीलम म्हणाली. "म्हणून मी गावाला एकच पेटी घेऊन गेले."

अनिरुद्ध टाक्यांपाशी उभा राहून ऐकत होता. तो बाहेर आला, दत्तूच्या खांद्यावर त्यानं डोकं टेकलं आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मोकळेपणानं रडला.

मित्रांनो, एक मागणं आहे. कुणी बंद खोलीत, टाकीत, विहिरीत पडलेलं दिसलं तर मायेपोटी मागोमाग उतरू नका. ओरडा, माणसं जमवा. आणि मला घासायला एखाद्या दिवशी विसरलात तरी चालेल. पण एखाद्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत न भरता, तुमच्या जिवाची राखण करणारं यंत्र बंद पडलं असेल, तर ते आजच दुरुस्त करून घ्या.