कातळावरची माती

आमसुलांसाठी रातांबे फोडता फोडता सगुणाने मान वर केली आणि पहिलं काय विचारलं, तर हेच.

"आधी विमलाकडे जाऊन आलीस ना?"

रुचिराने वही उघडली. ग्रामपंचायत गावाची माहितीपुस्तिका काढत होती. जमीन, पिकं, जुना इतिहास गोळा करायचं काम कॉलेजातल्या या पोरीकडे होतं.

"वाटेत त्यांचंच घर आधी लागतं, काकी."

लागतं तर! हल्ली सगळ्यांनाच तिचं घर आधी लागतं. सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. वाटण्या झाल्या तेव्हा थोरली म्हणून तिने हट्टाने भाताचा मळा मागून घेतला होता. धाकट्या जावेच्या, विमलाच्या वाट्याला उघडा कातळ आला. आता त्याच कातळावर हापूसची कलमं लगडली होती, आणि लावणीला माणूस मिळेना म्हणून मळा चार वर्षं पडीक होता.

"कातळावर बाग कशी झाली हो, काकी?"

"कशी म्हणजे? सुरुंग लावून खड्डे केलेन नि माती भरलीन. पण माती कुठली, ते विचार! आमच्या मळ्यातली. चोरून नेलीन मेलीनं. लिव तसं."

रुचिराचं पेन थबकलं. तिने एक पान मागे उलटलं.

"विमलाकाकींनी वेगळंच सांगितलंय." ती वाचू लागली. "माती जाऊबाईंनी आपणहून दिली. भरली टोपली एकटीने डोक्यावर चढत नाही. दोन उन्हाळे त्या रोज हात द्यायला उभ्या होत्या, म्हणून बाग झाली."

सगुणाचा अंगठा रातांब्यातच राहिला.

हात? आपण कधी दिला हात? माती नेऊ का, असं विमलाने विचारलं तेव्हा "ने हवी तेवढी, घाल दगडाला खायला," म्हणून ती खो खो हसली होती. विमला भरली टोपली बांधावर ठेवायची, खाली बसून डोकं घालायची आणि गुडघ्यावर हात रेटून एकटीच उठायची. सगुणा पडवीतून मजा बघायची.

"मग कुणाचं लिहू, काकी?"

सगुणाने लाल हात पदरालाच पुसले.

"माझं खोड," ती खालच्या आवाजात म्हणाली. "तिचंच ठेव."

रुचिरा वही मिटून अंगणाच्या टोकाला पोचली, तोच मागून हाक आली.

"अगो, ऐक! माझं नाव तिच्या आधी घाल. थोरली मी आहे."