वारा न लागणारी जागा

नदीकाठच्या त्या उंचवट्यावर हजारो वर्षांपूर्वी माणसं घर करून राहत होती, असं मी कित्येक वर्षं घसा फोडून सांगत होते. सापडत होत्या नुसत्या दगडाच्या कपच्या.

"वाटसरू बसले असतील, हत्यारं घडवली असतील, उठून गेले असतील," आमचे सर म्हणायचे. या सोमवारी मात्र त्यांनी बजावलं, "वस्ती म्हणायची तर चूल दाखवा. नाहीतर हे खोदकाम या आठवड्यात बंद."

नकाशे काढायला माझा नवरा होता. उरलेल्या वेळात तो माझ्या चुका काढायचा.

बुधवारी गाळाखाली राख लागली. तीन दगड, भाजून लाल झालेली माती. मी खड्ड्यातच नाचले. सर गुडघ्यांवर बसले आणि चक्क "शाब्बास!" म्हणाले. मग ब्रशने राख झटकताना निळ्या कपाचा कान वर आला.

तो कप गेल्या हंगामात मीच आपटला होता. चहाची चूल कुठे मांडायची यावरून आमचं वाजलं होतं. मला ती उघड्यावर, कामाच्या हाताशी हवी होती. "त्या कोपऱ्यात वारा लागत नाही," हे नवऱ्याचं पालुपद. मी हट्टाने माझ्याच जागी पेटवली. चहा उकळला नाही, धूर मात्र सगळ्यांनी प्याला. शेवटी चूल त्याच्या कोपऱ्यात गेली, आणि पुढे पुराने तिच्यावर गाळ चढवून आमच्या खुणाही पुसल्या.

"आदिमानव कपबशीतून चहा प्यायचे तर," सर उठत म्हणाले. "आवरा सामान."

मला रडूच फुटलं. नवरा शेजारी येऊन बसला. वाटलं, धीर देईल.

"पण मी म्हटलं होतं ना," तो म्हणाला, "इथे वारा लागत नाही."

अस्सा राग आला! खुरपी त्याच्या डोक्यात घालणार, तेवढ्यात माझ्याच डोक्यात उजेड पडला. वारा काय फक्त आम्हालाच लागत नव्हता? मी डोळे पुसले आणि त्याच राखेखाली खणायला घेतलं.

वीतभर खाली पुन्हा राख निघाली. थरावर थर, जळकी हाडं, बाजूला दळायचा दगड. कपबिप काही नाही. सर या वेळी शाब्बास म्हणाले नाहीत, दुधाने तोंड पोळलं होतं. "रुंदी वाढवा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मातीच्या त्याच थरात, थोडं पलीकडे, भर वाऱ्यात, आणखी एक चूल निघाली. तिच्यात राख जेमतेम चिमूटभर. एकदा पेटवून सोडून दिलेली.

"हिचं काय प्रयोजन?" सरांनी विचारलं.

नवऱ्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. त्याच्यावर इतकं प्रेम मला लग्नातही वाटलं नव्हतं.

"सर, वाटसरू चुलीच्या जागेवरून भांडत नाहीत," मी म्हणाले. "इथे संसार होता."