चौथी भातवाढी

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. माझा दांडा एका बाजूने जळला आहे, शिट्टी हरवली आहे आणि पोटात आता वाळलेले सोयाबीन भरून ठेवतात. तरी मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. कोरियातल्या थेबेकच्या डोंगरात, जिथे उंचीमुळे भल्याभल्यांचा भात मधोमध कच्चा राहायचा, तिथल्या खाणकामगारांच्या चाळीत पहिला मऊ भात मी शिजवला. हे मीच सांगायला हवं, दुसरं कोण सांगणार?

कारखान्यात मला ठोकलं, घासलं, चकचकीत केलं. जन्माचं एवढंच. मला बाजारातून आणलं ते बुन्सुनने. तिचा नवरा छांगसिक कोळशाच्या खाणीत उतरायचा. सासू कुन्नाम म्हातारी चाळीस वर्षं बिडाच्या हंड्यात भात शिजवत आलेली. माझी शिट्टी पहिल्यांदा गरगर फिरली तेव्हा ती अंगणात जाऊन लोणच्याच्या रांजणांमागे उभी राहिली. नंतर म्हणाली, रांजणांची झाकणं बघत होते.

"घरात आगगाडी आणलीस, सूनबाई. आता रूळ कुठे टाकायचे तेही सांग."

छांगसिकने माझ्यातला भात तीनदा मागून घेतला. म्हातारीने महिनाभर तो तोंडात घातला नाही. आपल्यापुरता हंडा वेगळा चढवायची आणि कच्चं चावत बसायची. मानी बाई. मला तिचा राग नव्हता, मीही तसाच आहे.

त्या चाळीत काही गोष्टी कोणी मोडत नसे. माणूस पाळीवर गेला की त्याचे घरातले जोडे आत तोंड करून ठेवायचे, म्हणजे तो परत येतो. आणि डब्यात भात तीनच भातवाढ्या. तिथल्या बोलीत चार आणि मरण यांचा उच्चार एकच, म्हणून चार म्हणजे मरणाचा आकडा. बुन्सुन डबा भरायची तेव्हा म्हातारी दारात उभी राहून मोठ्याने मोजायची. तिसरीला म्हणायची, बास.

एका सकाळी बुन्सुन तापाने उठली नाही. हंड्याला वेळ नव्हता. म्हातारीने मला घेतलं, तांदळावर तळवा टेकवून पाणी मापलं आणि स्टोव्हवर ठेवलं. या वेळी ती बाहेर गेली नाही. वाफ उतरल्यावर झाकण काढून तिने एक शीत खाल्लं, मग एक घास. बराच वेळ चावत राहिली, चावायला काही नसताना.

मग डबा भरला. एक, दोन, तीन. तिने दाराकडे पाहिलं. दारात मोजायला कोणी नव्हतं. तिने चौथी घातली आणि भातवाढीच्या पाठीने दाबून सपाट केली.

"मऊ झालाय, खाईल पोरगा," ती म्हणाली. माझ्याशी बोललेले तिचे हे पहिले शब्द.

दुपारी खाणीचा भोंगा वाजला. आतलं छप्पर बसलं होतं. छांगसिकला तिसऱ्या दिवशी वर आणलं. डबाही आला.

तो बुन्सुनने माझ्या शेजारी ठेवून उघडला. भात जसाच्या तसा होता, काठोकाठ, वरून दाबलेला. बुन्सुन कधी भात दाबत नसे. तिने डबा रिकामा केला, घासला, पालथा घातला. रडली नाही. त्या घरात कोणीच रडलं नाही. मीही तसाच थंड बसून होतो.

चाळीतल्या बायका आल्या. त्या दिवशी डबा कोणी भरला होता, असं एकीने हळूच विचारलं. म्हातारी जमिनीकडे बघत राहिली.

"मी," बुन्सुन म्हणाली. "तापात होते. मोजायचं राहून गेलं."

त्यानंतर बायका नळावर तिच्यापासून दोन हात लांब उभ्या राहू लागल्या. नव्याने लग्न झालेल्या मुली तर वाट बदलायच्या. म्हातारी सगळं बघायची. रोज जेवायची, माझ्यातलंच. बोलायची नाही. तिखट जिभेची बाई गप्प झाली की घर कसं होतं, ते मला विचारा.

मरणानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवशी छांगसिकच्या नावाने जेवण होतं. बायका रीत म्हणून आल्या होत्या. माझी शिट्टी फिरत होती. म्हातारी तिच्या आवाजापेक्षा मोठ्याने बोलली.

"डबा मी भरला होता. चार घातल्या. भात चांगला झाला होता म्हणून."

बुन्सुनने उठून स्टोव्ह बंद केला.

"आई, डबा त्याने उघडलाच नव्हता," ती म्हणाली. "तीन काय, चार काय, सगळा तसाच परत आला."

म्हातारीने मान हलवली. वाफ उतरल्यावर माझं झाकण काढलं आणि सगळ्यांसमोर सुनेच्या वाडग्यात भात वाढला. चार. बुन्सुनने तो संपवला.

पुढे खाण बंद झाली. नव्या घरात शिरताना रिवाजाप्रमाणे सगळ्यांत आधी मला आत नेलं, म्हातारीने स्वतः, दोन्ही हातांनी. आता ती नाही. माझं रबर कडक झालं आहे, वाफ धरत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुकरचं रबर वेळेवर बदला, शिट्टीचं भोक साफ ठेवा. वाफ उतरल्याशिवाय झाकण ओढू नका. आणि कामावर गेलेलं माणूस परत आलं नाही, तर डबा कोणी भरला होता, ते कोणाला विचारू नका. ज्याने भरला, त्याला तो पाठ असतो.