थोरल्या टाकीचे विरजण

मामांच्या दुकानात शोभेचा मासा घेणाऱ्याला पाण्याची एक बाटली फुकट मिळे. नव्या टाकीत जुन्या टाकीतले थोडे पाणी ओतले की मासे लवकर रुळतात, हा त्यांचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. "दुधाला विरजण, तसं टाकीला हे," असे म्हणत ते मागच्या भिंतीजवळच्या थोरल्या टाकीतून बाटली भरून देत. दुकानातल्या बाकी टाक्या थोरलीच्याच लेकी. थोरलीसकट सगळ्यांत मामा नेमाने टेट्रासायक्लिन या जंतुनाशक औषधाच्या कॅप्सुली फोडून टाकत. मासे आजारी पडले म्हणून नव्हे, पडू नयेत म्हणून.

अशातच थोरलीतल्या एका माशाचा काटा मामांच्या उजव्या तर्जनीत घुसला. बोट सुजून टम्म झाले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्याच टेट्रासायक्लिनच्या घराण्यातल्या होत्या. त्या चालू असतानाच सूज तळहाताकडे सरकली, तेव्हा सूज थांबली नाही तर बोट ठेवता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. जखमेतला पू तपासायला गेला तो भाचीच्या प्रयोगशाळेत. भाची टाकीचे पाणीही न्यायला आली.

"पाणी कशाला?"

"काटा टाकीतल्या माशाचा ना? मग संशय आधी घरच्यांवर."

"अगं, त्यात एवढं औषध आहे की जंतू जन्माला यायच्या आधीच मरेल!"

"ते मी बघते. आता औषध न पडलेलं पाणी द्या, तुलनेला."

"तसलं इथे नाही," मामा अभिमानाने म्हणाले. "मी दुजाभाव करत नाही."

"माझी बरणी आहे की," मामी आतून म्हणाल्या.

खिडकीतल्या काचेच्या बरणीत मामींनी दोन मासे पाळले होते, नळाच्या पाण्यात. थोरलीच्या पाण्याला वास येतो म्हणून विरजण त्यांनी नाकारले होते. मामा त्या बरणीला डबके म्हणत.

भाचीने तिन्ही नमुन्यांतले जिवाणू बश्यांमध्ये वाढवून त्यांवर औषधाच्या चकत्या ठेवल्या. औषध लागू पडले तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. पू आणि थोरली, दोन्ही बश्यांत टेट्रासायक्लिनला खेटून जिवाणू वाढले होते. चकत्याच जुन्या असतील, असे तिला आधी वाटले. तिला पहिला निकाल सहसा पटत नसे. पण मामींच्या बशीत, त्याच डबीतल्या चकतीभोवती, वर्तुळ चांगले ठसठशीत होते. चकत्यांवर खापर फोडायची सोय उरली नाही.

पुवाच्या बशीत दुसऱ्या एका औषधाला वर्तुळ होते. डॉक्टरांनी ते सुरू केले. सूज उतरली. बोट राहिले, पण ताठ, टोकाशी वाकेना.

"म्हणजे माझ्याच टाकीनं माझं बोट खाल्लं असतं?"

"सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. दोन्हीकडचे जिवाणू एकाच वळणाचे आहेत, आणि काटा कुठला होता ते तुम्हाला ठाऊक आहे."

"पण औषध तर मी न चुकता टाकत होतो!"

"म्हणूनच. मरणारे मेले, न मरणाऱ्यांना मोकळं रान मिळालं. त्यांना तुम्ही बाटल्यांत भरून घरोघर धाडलंत. बदललेलं पाणी मोरीतून नाल्यात, नाल्यातून तळ्यात. तिथे ते औषधातून वाचायची आपली युक्ती शेजारच्या जिवाणूंनाही शिकवतात."

"आणि तुझ्या मामीच्या बरणीत जंतू नाहीत?"

"भरपूर आहेत. पण औषधाला जुमानणारे."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले. पिशवीत मासा घेऊन बाई म्हणाल्या, "आणि ते विरजण?"

सवयीने मामांचा हात थोरलीकडे गेला. ताठ तर्जनी झाकणावर टेकली आणि तिथेच राहिली. त्यांनी हात मागे घेतला, रिकामी बाटली उचलली आणि ते आतल्या दाराशी गेले.

"अगं ऐकलंस का? तुझ्या डबक्यातलं थोडं पाणी मिळेल?"

"मिळेल," मामी म्हणाल्या. "आधी तो कॅप्सुलींचा डबा इकडे द्या."