थरथरत्या बोटांचं पेटंट

मित्रांनो, मी एक जुनं पेटंट आहे. पेटंट म्हणजे सरकारशी केलेला करार. आपली युक्ती जगाला नीट समजावून सांगायची, बदल्यात काही वर्षं ती दुसऱ्या कुणी वापरायची नाही. म्हणजे मी जन्माने शिक्षक. शिकवलं काय, ते ऐका.

एका प्रोग्रामर मुलीच्या बाबांचा आवाज आजारपणात गेला. कीबोर्ड हेच त्यांचं बोलणं. पण बोटं थरथरत. ‘चहा’ लिहायला जावं, तर पडद्यावर ‘चचचहहहा’. मुलगी त्यांच्या बोटांकडे बघत बसे. बघता बघता तिने एक प्रोग्राम लिहिला. कापऱ्या बोटाने पुन्हा पुन्हा दबलेलं अक्षर तो एकदाच उमटवी. ही युक्ती सांगायला तिला पाठकोरा कागद पुरला असता.

पण ती कंपनीची नोकर, म्हणून युक्तीही कंपनीच्या मालकीची. कंपनीने वकील बसवला. त्या महाभागाने बोटाचं ‘स्पर्शनिविष्टी-स्रोत’ केलं, थरथरीचं ‘अनैच्छिक संकेत-पुनरावृत्ती’. वाचणाऱ्याला काही कळू नये, आणि त्याने काहीही केलं तरी तो कचाट्यात सापडावा, असा मी पानोपान फुगलो. माझं पहिलं पान चौकटीत घालून साहेबांच्या खोलीत टांगलं. पाहुणे माना डोलवत. वाचलं एकानेही नाही.

मुलीने पुढे नोकरी बदलली. बाबांचा कॉम्प्युटर बिघडला, नव्यावर जुना प्रोग्राम चालेना आणि मूळ काम जुन्या कंपनीत कुलूपबंद. बाबा पुन्हा मुके झाले. तेव्हा तिने नव्या ऑफिसात मला पडद्यावर उघडलं. तिथले वकीलकाका लगबगीने आले.

“ताई, बंद करा ते. पेटंट वाचायची नाहीत, असा नियम आहे आपल्याकडे. वाचून तसंच काही बनवलं, तर मुद्दाम केलं म्हणतात. दंड वाढतो.”

“पण हे वाचण्यासाठीच असतं ना?”

“कोण म्हणालं?”

“काका, ही युक्ती माझीच आहे.”

“मग तर बघूच नका.”

तिने तरीही वाचलं. स्वतःचीच युक्ती तिला माझ्यात सापडली नाही.

शेवटी ती घरी बाबांजवळ बसली. त्यांचा हात हातात घेऊन थरथर पुन्हा शिकली. प्रोग्राम नव्याने लिहिला, स्वतःचाच, दार लावून, चोरासारखा.

बाबांनी टाइप केलं, “एवढा उशीर? पेटंट बघायचं होतंस.”

“बघितलं ना, बाबा.”

बाबांची बोटं हसल्यासारखी थरथरली. “मग बरोबर. म्हणूनच उशीर.”

मित्रांनो, युक्ती सुचली तर शेजारी बसून सांगा, हातात हात घेऊन. मला राहू द्या चौकटीत. भिंतीवरचा ओलीचा डाग तेवढा मी चांगला झाकतो.